किन्सी मिलहोनची कार्डं

संशोधनाची तयारी करताना काय वाचावं असं विचारलं की बहुतेक जण पद्धतिशास्त्राचं एखादं जाडजूड पुस्तक सुचवतात. ते वाचाच, पेट आणि नेट-सेटचे प्रश्न त्यातूनच येतात. पण आज मी तुम्हाला खुनाच्या तपासाच्या कादंबऱ्या वाचायला सांगणार आहे. त्या कुठे कमी पडतात तेही सांगणार आहे, कारण मला वाटतं त्यांचं कमी पडणंही तुमच्या कामाचं आहे.

सू ग्राफ्टन ही अमेरिकन लेखिका. १९८२ साली तिची 'ए इज फॉर अलिबाय' आली आणि मग ती इंग्रजी मुळाक्षरं धरून एकेक पुस्तक लिहीत गेली. २०१७ साली 'वाय'पर्यंत पोचली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये गेली. 'झेड' लिहून झालंच नाही. दुसऱ्या कुणाकडून ते लिहून घेणार नाही, असं घरच्यांनी स्पष्ट सांगितलं. म्हणजे पंचवीस पुस्तकं, पस्तीस वर्षं. नायिका किन्सी मिलहोन: खासगी गुप्तहेर, आधी पोलिसात होती, दोनदा घटस्फोट झालेला, मूलबाळ नाही, केस नखं कापायच्या कात्रीने स्वतःच कापणारी. राहते कॅलिफोर्नियातल्या सांता टेरेसा नावाच्या काल्पनिक गावात, हेन्री नावाच्या म्हाताऱ्या घरमालकाच्या गॅरेजची खोली करून घेतलीय तिथे.

ग्राफ्टनने एक गंमत करून ठेवलीय. लेखिकेची पस्तीस वर्षं गेली, पण किन्सीच्या जगात १९८२ ते १९८९ एवढीच सरली. त्यामुळे पंचविसाव्या पुस्तकातही तिच्या हातात मोबाईल नाही की इंटरनेट नाही. टाइपरायटर आहे, सार्वजनिक ग्रंथालय आहे, कोर्टातलं जुनं दफ्तर आहे, आणि दारोदार जाऊन बोलणं आहे. आपल्यासाठी हे फार बरं झालं. शोध घेणारं माणूस नेमकं काय करतं ते इथे उघड्यावर दिसतं. सर्च बॉक्समागे काहीच लपत नाही.

ती करते काय? कार्डं लिहिते. लहान इंडेक्स कार्डं. कुणाला भेटून आली की जे कळलं ते कार्डांवर उतरवते, बोर्डावर टाचते, दुसऱ्या दिवशी काढून वेगळ्या क्रमाने लावते, कधी पत्त्यांसारखी पिसते. मग अहवाल टाइप करते, खर्चाचा हिशेब लावते. गाडी किती मैल चालली, तेही. या मालिकेवर एक जुना आक्षेप आहे की मधली पानं रेंगाळतात: किन्सी गाडी चालवते, रांगेत उभी राहते, पुन्हा त्याच माणसाकडे जाते, सँडविच खाते, कार्डं लावते. मला या मालिकेतलं सर्वात खरं काही असेल तर ती हीच पानं वाटतात. शेरलॉक होम्स बुटावरची माती बघून सांगतो, आणि आपण टाळ्या वाजवतो. किन्सीला मातीवरून काही कळत नाही. तिला कळतं ते सातव्या भेटीत, आणि तेही पहिल्या भेटीचं कार्ड जपून ठेवलं होतं म्हणून. आपल्या लॅबबुकचं याहून वेगळं काय असतं? तीन महिन्यांपूर्वीची फसलेली बॅच तारखेनिशी लिहिलेली नसेल, तर आजच्या चांगल्या निकालाची तुलना कशाशी करणार?

आता मुद्द्याकडे. पुढे 'ए इज फॉर अलिबाय'चा शेवट फोडणार आहे. ज्यांना आधी पुस्तक वाचायचंय त्यांनी इथे थांबावं. पुस्तक १९८२चं आहे, मला फार अपराधी वाटत नाही.

लॉरेन्स फाइफ नावाचा वकील घटस्फोटाच्या केसेस लढवायचा. अॅलर्जीच्या कॅप्सूलमध्ये कुणीतरी कण्हेरीची पूड भरून ठेवली आणि तो मेला. बायको निकी दोषी ठरली. आठ वर्षं तुरुंगात काढून ती बाहेर येते आणि किन्सीला म्हणते, मी मारलं नाही, कुणी मारलं ते शोधून दे. तपास सुरू झाल्यावर किन्सीला पोलिसांकडून एक गोष्ट कळते: लॉरेन्सनंतर चारच दिवसांनी लॉस एंजेलिसमध्ये लिबी ग्लास नावाची हिशेबनीस तरुणीही मेली होती, कण्हेरीच्याच विषाने. तिच्या ऑफिसात लॉरेन्सच्या फर्मचे हिशेब असत. पोलिसांचा कयास असा की दोघांचं काही तरी होतं, आणि निकीने दोघांनाही संपवलं. दुसऱ्या मृत्यूबद्दल खटला भरण्याइतका पुरावा नव्हता, म्हणून शिक्षा झाली ती फक्त नवऱ्याच्या खुनाची.

कण्हेर म्हणजे आपली नेहमीचीच कण्हेर. हायवेच्या दुभाजकावर गुलाबी-पांढरी फुललेली असते ना, तीच. गुरं तिला तोंड लावत नाहीत आणि पाणी कमी लागतं, म्हणून तिथे लावतात. तिच्यातलं ओलिअँड्रिन पेशीच्या आवरणातला सोडियम-पोटॅशियम पंप बंद पाडतं आणि हृदयाचे ठोके बिघडतात. हृदयविकारावर दिलं जाणारं डिगॉक्सिन हेही याच कुळातलं रसायन. दोघं इतकी सारखी, की डिगॉक्सिन मोजायच्या प्रतिपिंड-चाचणीत ओलिअँड्रिनही कधी कधी डिगॉक्सिन म्हणून मोजलं जातं. ग्राफ्टनने हे विष का निवडलं असेल? स्वतःच्या घटस्फोटाच्या आणि मुलांच्या ताब्याच्या कज्ज्यात, नवऱ्याला कसं मारता येईल याची मनोराज्यं ती रात्र रात्र रंगवायची, आणि त्यातूनच हे पुस्तक झालं, असं तिने उघडपणे सांगितलंय. कण्हेर तर कॅलिफोर्नियातही रस्त्याकडेला असतेच. दुकानात जायला नको, वहीत सही करायला नको.

तर, चार दिवसांत दोन मृत्यू आणि विष तेच, तेही सहसा कुणी वापरत नाही असं. तुम्ही काय निष्कर्ष काढाल? एकच हात. मीही तोच काढला असता आणि ऑकमचा वस्तरा पुढे केला असता. पुस्तकातलं उत्तर वेगळं आहे. लॉरेन्सला मारलं त्याच्या पहिल्या बायकोने, ग्वेनने. लिबीला मारलं लॉरेन्सच्या भागीदाराने, चार्ली स्कॉर्सोनीने, कारण त्याने केलेली पैशांची अफरातफर तिला दिसली होती. पहिला खून घडलेलाच होता. त्याने पद्धत उचलली, म्हणजे संशय आपोआप पहिल्या खुन्याच्या खात्यावर जमा.

इथे जरा थांबा, कारण पुस्तकाचं मोल माझ्या मते इथे आहे. दोन निरीक्षणं एकमेकांसारखी आहेत म्हणून त्यांचं कारण एक, असं आपण धरून चालतो. पण दुसरं निरीक्षण पहिल्यापासून स्वतंत्र आहे का, हा प्रश्न त्याच्या आधीचा. लिबीचा मृत्यू स्वतंत्र नव्हता. पहिला झाला नसता तर दुसरा या पद्धतीने झालाच नसता. साम्य खरंच होतं, संबंधही खरा होता, फक्त तो संबंध कर्त्याचा नव्हता, नकलेचा होता. लॅबमध्ये याची रूपं रोज दिसतात. दोन प्लेटवर एकच बुरशी आली की आपण इनक्युबेटरला दोष देतो. प्रत्यक्षात पहिल्या प्लेटवर ती हवेतून आलेली असते आणि दुसरीवर पहिलीवरून, आपल्याच हातातल्या लूपने. किंवा दहा शोधनिबंधांत एकच आकडा सापडतो आणि आपण 'दहा जणांनी दाखवलंय' असं लिहितो. नीट मागे गेलं तर नऊ जणांनी दहाव्याचा आकडा उचललेला असतो. साहित्याचा आढावा घेणाऱ्या प्रत्येकाने लिबी ग्लासचं नाव टेबलासमोर चिकटवून ठेवावं असं मला फार वाटतं.

आणि चुकीच्या निष्कर्षाची किंमत कुणी भरली? निकीने. आठ वर्षं. किन्सी खुनी शोधते, पण ती वर्षं परत आणत नाही. ग्राफ्टनही आणल्याचं ढोंग करत नाही. हे मला आवडलं.

न आवडलेलं आता. एवढी कार्डं लिहून, एवढे मैल गाडी चालवून किन्सी शेवटी कशावर पोचते? कबुलीवर आणि बंदुकीवर. ग्वेनला ती गाठते आणि ग्वेन कबूल करते. नंतर ग्वेनला एक गाडी उडवून जाते. मग चार्ली चाकू घेऊन समुद्रकिनाऱ्यावर किन्सीच्या मागे लागतो, ती कचऱ्याच्या पिंपात लपते, तो झाकण उचलतो, ती गोळी झाडते. थरार आहे, नाही म्हणत नाही, मी ती पानं एका दमात वाचली. पण आता हिशेब करा. दोन्ही खुनी मेले. उलटतपासणी कुणाची घेणार? दोन्ही उत्तरांचा भार सांगणाऱ्या एकट्या बाईच्या शब्दावर आहे, आणि तीच अहवाल लिहिणारी आहे. सुरुवातीच्या पुस्तकांचा शेवट तर औपचारिक अहवालासारखा, खाली नाव लिहूनच होतो. असा अहवाल एखाद्या नियतकालिकाला पाठवला तर दुसरा रिव्ह्यूअर पहिल्याच ओळीत विचारेल, पुन्हा करून दाखवता येईल का? मालिकेतल्या बऱ्याच पुस्तकांत हेच होतं. मधला भाग कष्टाच्या पुराव्याचा, शेवट धावपळीचा. संशय घट्ट होत आला की गुन्हेगार स्वतःच हल्ला करून लेखिकेचं काम सोपं करतो. आपले जिवाणू असे कधी चाल करून येत नाहीत.

चार्लीचं आणखी एक. तपास चालू असताना किन्सी त्याच्यात गुंतते. त्याचं नाव तिच्या यादीत आहे हे तिला माहीत आहे, अंतर ठेवायला हवं हेही कळतं. कळूनही वळत नाही. काही वाचकांना हा तिचा कमकुवतपणा वाटतो. मला तो पुस्तकातला सर्वात प्रामाणिक धागा वाटतो. तुमच्या लाडक्या गृहीतकाशी तुमचं नातं आठवून बघा. त्याच्याविरुद्ध आलेलं प्रत्येक कार्ड आपण जरा खाली सरकवतो की नाही? ग्राफ्टनने हितसंबंधांचा संघर्ष व्याख्येत न सांगता शरीरात उतरवलाय. शिवाय आपण कुणाला तरी ठार मारलंय हे किन्सी पहिल्याच परिच्छेदात सांगून टाकते, गोषवाऱ्यात निष्कर्ष आधी द्यावा तसं. कुणाला ते मात्र सांगत नाही, आणि कळतं तेव्हा वाचकाच्याही पोटात खड्डा पडतो.

ही बाई एकटीच आली असं नाही, हेही सांगायला हवं. मार्शिया म्युलरची शॅरन मकोन १९७७ साली आली होती. सारा पॅरेट्स्कीची व्ही. आय. वॉरशॉस्की १९८२ सालीच, शिकागोत. त्याआधीच्या खासगी गुप्तहेरांच्या अमेरिकी कथांत बाई बहुधा अशील असायची, भुरळ घालणारी असायची किंवा प्रेत असायची. वॉरशॉस्कीच्या पहिल्या पुस्तकात गुन्ह्याच्या मुळाशी विमा कंपनी आणि कामगार संघटना आहे. पॅरेट्स्की व्यवस्थेवर बोट ठेवते, ग्राफ्टन बहुतेकदा कुटुंबापाशी थांबते. राजकीय भान हवं असेल तर पॅरेट्स्की घ्या. पद्धत बघायची असेल तर किन्सीच.

सुरुवात 'ए'पासूनच करा, पंचवीसच्या पंचवीस वाचायची गरज नाही. वाचताना हाताशी तीन रंगांच्या पेन्सिली ठेवा. किन्सीने स्वतः पाहिलं ते एका रंगाने, तिला कुणी सांगितलं ते दुसऱ्याने, तिने अंदाज बांधला ते तिसऱ्याने. ग्वेनच्या कबुलीपर्यंत पोचलात की मागे उलटून पाहा, कुठला रंग किती उरलाय. मग हेच तुमच्या सिनॉप्सिसच्या मसुद्यावर करा, गाईडकडे पाठवायच्या आधी.