बहिणाबाईचें आत्मनिवेदन

जुनी पोथी हातीं येतांच तींतील शक, गांवें व नामावळी टिपून घ्यावयाची आणि बाकीचीं पानें भाविकांकरितां सोडून द्यावयाचीं, ही आम्हां संग्राहकांची जुनी संवय. बहिणाबाईच्या (१६२८-१७००) आत्मचरित्रपर अभंगांस हा न्याय लावल्यास देवगांवचा जन्म, तिसऱ्या वर्षीं तीस वर्षांच्या बिजवराशीं लग्न, कोल्हापूर, देहू व शिऊर एवढेंच हातीं लागतें.

खरा इतिहास त्या सोडलेल्या पानांत आहे. कोल्हापुरास जयरामस्वामींच्या कीर्तनाची व एका वासराची ओढ लागलेली ही मुलगी पतीच्या हातचा मार खाते. पुढें वासरूं मरतें, तिची शुद्ध हरपते व स्वप्नांत तुकोबांचा उपदेश होतो. ब्राह्मण स्त्रीनें शूद्रास गुरु करणें केवढा अपराध होता, हें पतीच्या संतापावरून व देहूस मंबाजीनें केलेल्या छळावरून कळतें. स्वप्न खरें कीं खोटें, हा इतिहासाचा प्रश्न नव्हे. तें सांगण्याचें धैर्य तिला झालें, हाच पुरावा.

तरीही पतीस तिनें केवळ दुष्ट रंगविलेलें नाहीं. तो घर सोडूं पाहतो, आजारी पडतो, पश्चात्ताप पावतो. तीही बंड करीत नाहीं. पातिव्रत्य व गुरुभक्ति यांचा मेळ कष्टानें घालिते. तो पुरता बसत नाहीं. स्त्रीजन्माच्या पराधीनतेची खंत अभंगांतून डोकावतेच.

हें निवेदन मागें वळून केलेलें असल्यानें रोजनिशीप्रमाणें वाचूं नये, हें खरें. परंतु अशा पोथीवर ‘स्फुट अभंग’ एवढाच शेरा मारण्यापूर्वीं सूचीकारानें ती एकवार समग्र वाचावी.