संशोधन एकरात मोजता येतं का?

‘डिस्ट्रिक्ट’ म्हटलं की आमच्या केळापूर तालुक्यातल्या माणसाला यवतमाळचं कलेक्टर ऑफिस आठवतं. आज मी ज्या ‘इनोव्हेशन डिस्ट्रिक्ट’बद्दल लिहितेय तो मात्र जिल्हा नाही, शहराचा एक तुकडा आहे. मधे एखादं विद्यापीठ किंवा मोठं रुग्णालय, भोवती कंपन्या, स्टार्टअप, घरं, चहाची दुकानं, आणि सगळं चालत जाण्याच्या अंतरावर. कल्पना अशी की हुशार माणसं एकमेकांना येता-जाता भेटली की नवीन गोष्टी जन्माला येतात.

माझा विषय रसायनशास्त्र, शहररचना नाही. मग यात का पडतेय? कारण महाराष्ट्रात सध्या अशा योजनांच्या घोषणा होतायत. त्यांच्यामागे जे संशोधन आहे असं सांगितलं जातं, ते तपासून बघायला शहररचनेची पदवी लागत नाही. ‘पुरावा काय?’ एवढं विचारता आलं तरी पुरतं.

मूळ अहवाल काय म्हणतो

हा शब्द जगभर गाजला तो ब्रुकिंग्ज संस्थेच्या २०१४ च्या एका अहवालामुळे. लेखक ब्रूस कॅट्झ आणि ज्युली वॅग्नर. त्यांच्या मते अशा भागाला तीन प्रकारची भांडवलं लागतात: आर्थिक (संस्था आणि कंपन्या), भौतिक (इमारती, रस्ते, मोकळ्या जागा) आणि माणसांमधली नाती. तिन्ही जुळली आणि सोबत धोका पत्करायची वृत्ती असली की नावीन्याला पोषक वातावरण तयार होतं.

अहवालात चांगलं बरंच आहे. शहराबाहेर माळरानावर कुंपण घालून उभारलेल्या जुन्या सायन्स पार्कवर त्यांनी रास्त टीका केलीय. तिथे प्रत्येकजण गाडीने येतो, आपल्या इमारतीत शिरतो आणि संध्याकाळी निघून जातो. शेजारच्या इमारतीत कोण काम करतं हे वर्षानुवर्षं कळत नाही.

माझा आक्षेप पद्धतीवर आहे. त्यातली बहुतेक उदाहरणं चाललेल्या किंवा चालू लागलेल्या जागांची आहेत. तुम्ही कपाशीची फक्त भरघोस आलेली वावरं बघितली, सगळ्यांनी एकच वाण पेरलंय असं दिसलं आणि त्या वाणाला श्रेय देऊन टाकलं, तर शेजारचा शेतकरी हसेल. तेच वाण त्याने कोरडवाहू जमिनीत पेरलेलं असतं आणि हातात काही आलेलं नसतं. त्याचं वावर मोजल्याशिवाय वाणाबद्दल बोलता येत नाही. न चाललेल्या जागांची मोजणी नसेल तर अहवाल म्हणजे यशाचं वर्णन. यशाचं कारण त्यातून सिद्ध होत नाही.

फसलेल्या योजनेवर उभं राहिलेलं केंडल स्क्वेअर

सगळ्यात जास्त दाखला दिला जातो तो अमेरिकेतल्या केंब्रिजमधल्या केंडल स्क्वेअरचा. एमआयटीच्या दाराशी असलेला हा भाग आज जैवतंत्रज्ञानाचं मोठं केंद्र आहे. पण त्याची मूळ योजना वेगळीच होती. १९६० च्या दशकात तिथले जुने कारखाने आणि दुकानं हटवून नासाच्या इलेक्ट्रॉनिक्स संशोधन केंद्रासाठी २९ एकर जागा द्यायचं ठरलं. १९७० मध्ये नासाने ते केंद्रच बंद केलं. काही जागा अमेरिकेच्या वाहतूक खात्याकडे गेली आणि बाकीची बरीच जमीन वर्षानुवर्षं रिकामी पडून राहिली. ज्यांची दुकानं गेली त्यांना पुढे आलेल्या भरभराटीचा काय उपयोग?

मग ती जागा चालली कशाने? जागा पडून होती तेव्हाही शेजारच्या प्रयोगशाळा थांबल्या नव्हत्या, हे एक. दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. १९७६ मध्ये तिथे डीएनएमध्ये फेरफार करणाऱ्या प्रयोगांवरून वाद पेटला. नगरपरिषदेने प्रयोगांना तात्पुरती स्थगिती दिली आणि सामान्य नागरिकांची समिती नेमली. या लोकांनी काही महिने विषय समजून घेतला, शास्त्रज्ञांना प्रश्न विचारले आणि शिफारशी केल्या. १९७७ मध्ये शहराने नियम केले. कंपन्या पळून जातील अशी भीती होती. झालं उलटंच. काय चालेल आणि काय नाही हे आधीच स्पष्ट असलेलं शहर कंपन्यांना बरं वाटलं. बायोजेन १९८२ मध्ये तिथे आली.

म्हणजे इमारतींचा आराखडा बारगळला तरी निभावलं, कारण प्रयोगशाळा आणि नियम पक्के होते. अहवाल वाचून योजना आखणारे नेमकं उलट करतात. एकर पक्के, बाकी सगळं ‘यथावकाश’.

साडेअकरा एकरांची गोष्ट

आपल्या देशातलं उदाहरण हवं असेल तर आयआयटी मद्रासचं रिसर्च पार्क बघा. ते २०१० मध्ये सुरू झालं. जागा सुमारे साडेअकरा एकर, म्हणजे आमच्याकडच्या मध्यम शेतकऱ्याच्या वावराएवढी. पण तिथे एक साधी अट आहे. जागा घेणाऱ्या कंपनीने नुसतं भाडं भरून चालत नाही, तिला ‘क्रेडिट’ मिळवावे लागतात. संस्थेच्या प्राध्यापकांसोबत प्रकल्प करा, विद्यार्थ्यांना काम द्या, त्यातून गुण जमा होतात आणि त्यांचा हिशेब ठेवला जातो. ब्रुकिंग्जच्या अहवालात ज्याला नात्यांचं भांडवल म्हटलंय, ते इथे योगायोगावर न सोडता करारात लिहिलंय. विद्यापीठाच्या पुढाकाराचा मला समजलेला अर्थ हाच आहे.

आता नवी मुंबई

मार्च २०२५ च्या राज्य अर्थसंकल्पात नवी मुंबईत २५० एकरांवर इनोव्हेशन सिटी जाहीर झाली. ऑगस्टमधल्या स्टार्टअप धोरणात हा आकडा ३०० एकर झाला. मधल्या काळात, १४ जून २०२५ ला, पाच परदेशी विद्यापीठांना इरादापत्रं देण्यात आली: अ‍ॅबर्डीन, यॉर्क, वेस्टर्न ऑस्ट्रेलिया, इलिनॉय टेक आणि इटलीची आयईडी ही डिझाइन संस्था. सिडकोची ‘एज्युसिटी’ नव्या विमानतळाच्या परिसरात व्हायची आहे.

इरादापत्र म्हणजे इरादा. कॅम्पस नव्हे, प्रयोगशाळा तर नव्हेच. शिवाय इथे पुढाकार शासनाचा आणि सिडकोचा आहे, विद्यापीठं निमंत्रित पाहुणी आहेत. यूजीसीच्या २०२३ च्या नियमांनुसार अशा शाखांना प्रवेश आणि फी ठरवायची मोकळीक आहे. मुलांना परदेशात न जाता ती पदवी मिळाली तर चांगलंच आहे, त्याला माझा विरोध नाही. पण पदवीचे वर्ग भरणं वेगळं आणि संशोधनाचं केंद्र उभं राहणं वेगळं. घोषणांमध्ये दोन्ही एका श्वासात बोललं जातं, तिथे वाचकाने थांबायला हवं.

जमिनीचाही इतिहास आहे. १९७० मध्ये स्थापन झालेल्या सिडकोने नवी मुंबई वसवली ती आगरी-कोळी गावांच्या शेतांवर आणि मिठागरांवर. जानेवारी १९८४ मध्ये मोबदल्यासाठीच्या आंदोलनात जासई परिसरात पोलिसांच्या गोळीबारात पाच जण गेले. त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचं धोरण आलं. ज्या मातीत हे घडलं, तिथे ‘योजना अजून निश्चित नाही’ हे वाक्य साधं नसतं. योजना लांबली की कंपनी दुसरीकडे बघते. ज्याची जमीन गेली तो तिथेच वाट बघत बसतो.

आणि केळापूर?

पांढरकवड्याला इनोव्हेशन डिस्ट्रिक्ट द्या, अशी माझी मागणी नाही. तसं म्हटलं तर लोक मलाच वेड्यात काढतील. माझा मुद्दा वेगळा आहे.

२०१७ च्या पावसाळ्यात आमच्या जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले. शेकडो दवाखान्यात होते. वापरातली काही औषधं ऑर्गनोफॉस्फेट गटातली होती. ती आपल्या मज्जातंतूंना लागणारं कोलिनेस्टरेज नावाचं विकर बंद पाडतात. रक्तातलं हे विकर मोजलं की विषबाधा किती आहे याचा अंदाज येतो. चाचणी जुनी आहे, रसायनशास्त्र पाठ्यपुस्तकातलं आहे. अडचण नवीन शोधाची नव्हतीच. चाचणी वेळेवर आणि जवळ मिळण्याची होती.

मी स्वतः मातीचे नमुने बर्फाच्या डब्यात घालून रात्रीच्या बसने दुसऱ्या शहरात नेलेत, कारण लागणारं यंत्र जवळ नव्हतं. एकदा पोचले तर यंत्र बंद. बर्फ वितळला, दोन महिन्यांचं काम गेलं. त्या रात्री मला चालत जाण्याच्या अंतरावरचा कॉफी शॉप नको होता. चालू यंत्र आणि ते चालवणारा पगारी माणूस हवा होता.

म्हणून पुढच्या वेळी अशी घोषणा वाचलीत तर एकर सोडून द्या आणि चार गोष्टी शोधा. विद्यापीठ मालक आहे की भाडेकरू? कंपनी आणि प्रयोगशाळा यांना बांधणारी अट लेखी आहे का? बाहेरच्या, लहान गावातल्या संशोधकाला तिथलं यंत्र वापरता येईल का आणि किती पैशांत? आणि योजना रखडली तर ज्यांची जमीन गेली त्यांना काय मिळेल?

उत्तरं असतील तर साडेअकरा एकरही पुष्कळ झाले. नसतील, तर तीनशे एकरांवर फक्त पाटी उभी राहील. तुमच्या भागात अशी एखादी पाटी असेल तर मला जरूर कळवा. न चाललेल्या वावरांची मोजणी कुणीतरी सुरू करायला हवी.