पूर्वी पोटाची शस्त्रक्रिया झालेले रुग्ण आणि दुर्बिणीद्वारे जठरछेदन : एक चिकित्सा

१९९१ साली जपानमध्ये सेइगो कितानो यांनी कर्करोगग्रस्त जठराचा खालचा भाग दुर्बिणीच्या साहाय्याने काढला आणि या शाखेत नव्या पर्वास आरंभ झाला. प्रारंभी, ज्याचे पोट पूर्वी उघडले गेले आहे अशा रुग्णास ही पद्धती सहसा नाकारली जात असे. पुढे अनुभव वाढला. अनेक रुग्णालयांनी आपल्या जुन्या नोंदी तपासून 'पूर्वशस्त्रक्रिया हा अडथळा नव्हे' असा निष्कर्ष मांडला. हा निष्कर्ष जसाच्या तसा स्वीकारता येत नाही.

मुळात भीती निराधार नव्हती. मेन्झीस व एलिस यांनी १९९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पूर्वी पोट उघडलेल्यांपैकी ९३ टक्के रुग्णांत आतील अवयव वा पडदे परस्परांना चिकटलेले आढळले. प्रथमच शस्त्रक्रिया होणाऱ्यांत हे प्रमाण १०.४ टक्के होते. पहिली नळी पोटात शिरताना भिंतीला चिकटलेले आतडे फाटू शकते, आणि ती इजा त्याच वेळी लक्षात आली नाही तर रुग्णाच्या जिवावर बेतते.

जुन्या नोंदींवरील अभ्यासांचा मोठा दोष निवडीचा आहे. ज्याचे पोट अवघड वाटले त्याला शल्यविशारदाने आधीच उघड्या शस्त्रक्रियेकडे वळविलेले असते. उरलेल्या रुग्णांचे निकाल चांगले येणारच. दुसरा दोष वर्गीकरणाचा. अ‍ॅपेंडिक्स, सिझेरियन, कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया आणि पूर्वीचे जठर वा प्लीहेचे छेदन या सर्वांना 'पूर्वशस्त्रक्रिया' या एकाच रकान्यात बसविणे शास्त्रीय नाही. ओटीपोटावरील व्रणाचा जठराशी फारसा संबंध येत नाही. याउलट वरच्या पोटातील जुनी शस्त्रक्रिया नेमकी कामाचीच जागा बिघडवते. नाभीजवळ धोका असल्यास डाव्या बरगड्यांखाली, पामर यांनी सुचविलेल्या बिंदूतून प्रवेश करण्याची प्रथा आहे; परंतु प्लीहा काढलेल्या रुग्णात तो बिंदूही विश्वासार्ह राहत नाही. अशा वेळी हॅसन यांची, लहान छेद घेऊन डोळ्यांदेखत आत शिरण्याची १९७१ ची रीतच अधिक सुरक्षित ठरते.

सर्वांत आक्षेपार्ह बाब म्हणजे शस्त्रक्रिया चालू असता पोट उघडावे लागल्यास त्याची गणना 'अपयश' म्हणून होते. आकडेवारी स्वच्छ राखण्याच्या मोहात हा निर्णय लांबणीवर पडला, तर त्याचे मोल रुग्णाला मोजावे लागते. वेळीच पोट उघडणे हा तारतम्याचा भाग होय. त्याची नोंदही त्याच भावनेने, कारणासह, व्हावयास हवी.

आपल्याकडे आणखी एक व्यावहारिक अडचण आहे. वीस वर्षांपूर्वीचे कागद रुग्णाजवळ क्वचितच असतात. 'पोटाचं ऑपरेशन झालंय' एवढेच तो सांगतो. बाकीचे व्रणाची जागा पाहून ताडावे लागते. तेव्हा पोट उघडावे लागण्याची शक्यता संमतिपत्रातील छापील ओळीवर न सोडता, रुग्णास व नातेवाइकांस मराठीत, आदल्या दिवशी समजावून सांगणे अगत्याचे आहे.