‘हुबेहूब मृदंग’ हा संशोधनाचा प्रश्न होतो का?

पेट झाली, आता सिनॉप्सिस लिहायचा आहे आणि विषय संगीत व कम्प्युटर यांच्या सीमेवरचा घ्यायचा आहे, असं तुमचं ठरलं असेल तर उद्दिष्टांच्या यादीत बहुधा हे वाक्य येईल: ‘अमुक वाद्याचा हुबेहूब आवाज सॉफ्टवेअर सिंथेसायझरने निर्माण करणे.’ अमुकच्या जागी सतार, बासरी, संबळ, काहीही घाला. वाक्य चालून जातं. माझं म्हणणं असं की हे उद्दिष्टच नाही. हुबेहूब म्हणजे कशासारखं, कुणाच्या कानाला आणि किती वेळ ऐकल्यावर, हे सांगितलं नाही तर त्यात तपासण्यासारखं काही उरत नाही. आज या विषयावरचे काही गाजलेले लेख समोर ठेवून, मृदंगाच्या निमित्ताने हे बघू.

मृदंगच का? कारण आपण बुलढाणा जिल्ह्यातले. शेगावच्या पालखीसोबत जाणारे टाळ, वीणा, मृदंग लहानपणापासून कानावर असतात, त्यामुळे ‘खरा आवाज’ कसा असतो याचं एक माप तुमच्याकडे आधीच आहे. ते माप लेखांमध्ये सापडत नाही, हीच तर गंमत.

आधी नावाचा घोळ मिटवू. आपल्याकडे दिंडीत आणि कीर्तनात ज्याला मृदंग म्हणतात तो पखवाज. दक्षिणेतला मृदंगम् वेगळा. लाकडी खोड, दोन तोंडं. उजव्या, लहान तोंडाच्या पुडीवर काळी शाई कायमची बसवलेली. डाव्या, मोठ्या तोंडावर वाजवण्याआधी भिजवलेली कणीक थापायची आणि झालं की खरवडून काढायची. वाद्या ताणणारे लाकडी गठ्ठे हातोडीने सरकवून सूर चढवायचा, उतरवायचा.

आता पहिला लेख. १९२० साली ‘नेचर’मध्ये सी. व्ही. रामन आणि कुमार यांचं एक छोटं टिपण आलं. सगळीकडे सारख्या जाडीचा गोल पडदा वाजवला तर त्याचे स्वर पूर्णांकांच्या पटीत येत नाहीत. मूळ कंपनसंख्या १ धरली तर पुढच्या १.५९, २.१४, २.३० अशा वेड्यावाकड्या येतात, म्हणून बहुतेक ढोल-ताशांना धड सूर नसतो. आपल्या शाईवाल्या वाद्यांना मात्र सूर असतो, कारण मधल्या जड शाईमुळे ती गुणोत्तरं सरकून १, २, ३, ४, ५ च्या जवळ येतात. १९३४ च्या मोठ्या लेखात रामन यांनी याचा तपशील दिला: पडद्याचे नऊ कंपनप्रकार पाचच गटांत गोळा होतात आणि प्रत्येक गटाचा एक स्वर ऐकू येतो. हे दाखवायला त्यांनी पडद्यावर बारीक वाळू भुरभुरवली. जिथे पडदा हलत नाही तिथे वाळू साचते आणि कंपनाचा नकाशा डोळ्यांना दिसतो. ना कम्प्युटर, ना स्पेक्ट्रोग्राम.

हा लेख वाचाच, आणि वाचताना प्रश्न किती नेमका आहे तिकडे लक्ष द्या. रामन विचारतात, ‘या वाद्याला सूर का आहे?’ ते ‘हे वाद्य मला बनवता येईल का?’ असं विचारत नाहीत. पुढे १९५४ मध्ये बी. एस. रामकृष्ण आणि मनमोहन सोंधी यांनी त्याच प्रश्नाचं गणित मांडलं. आत एक घनता, बाहेर दुसरी, अशी दोन समकेंद्री वर्तुळं धरून समीकरण सोडवलं. खरी शाई अशी एका रेषेवर संपत नाही. कारागीर ती थरावर थर चढवत आणि दगडाने घासत बसवतो, मध्ये जाड आणि कडेला पातळ. सतेज आणि अधिकारी यांच्या २००९ च्या लेखाने ही उणीव भरून काढली. त्यांनी घनता हळूहळू बदलणारी धरली, आणि गणिताने आलेल्या कंपनसंख्या मोजलेल्या आकड्यांशी उत्तम जुळल्या. लेख स्वच्छ आहे, मला आवडतो. पण सारांशाच्या शेवटी ते म्हणतात की ही पद्धत आवाजनिर्मितीसाठी उपयोगी पडावी, आणि तुमच्यासारखा वाचक नेमका तिथे फसतो.

का ते सांगतो. कंपनसंख्यांची यादी म्हणजे भाजीच्या सामानाची यादी. काय किती घालायचं आणि कधी उतरवायचं, ते तिच्यात नाही. प्रत्येक कंपनप्रकार किती जोरात उठेल हे बोट कुठे आणि कसं पडलं यावर ठरतं. तो किती वेळ टिकेल हे कातड्यातलं घर्षण, हवेत जाणारी ऊर्जा आणि वर टेकलेला हात यांवर ठरतं. मोकळा ‘ता’ आणि बंद ‘ते’ घ्या. पुडी तीच, यादी तीच, पण बोल दोन. शिवाय मृदंगाची दोन तोंडं एकाच खोडाला आहेत, आत कोंडलेली हवा एकच आहे. एक तोंड हललं की दुसऱ्यालाही ते कळतं. एका पडद्याच्या गणितात हे बसत नाही. यात लेखकांचा दोष नाही, त्यांचा प्रश्न रामन यांचाच होता. एका प्रश्नाचं उत्तर उचलून दुसऱ्या प्रश्नाला चिकटवणं ही चूक वाचणाऱ्याची.

मग म्हणाल, सरळ रेकॉर्डच करू ना! बाजारातली बहुतेक वाद्य-सॉफ्टवेअर तेच करतात. प्रत्येक बोल वेगवेगळ्या जोराने वाजवून घ्यायचा आणि की दाबली की तो तुकडा वाजवायचा. एकच तुकडा परतपरत वाजला तर बंदुकीच्या फैरीसारखं वाटतं, म्हणून एकाच बोलाचे चार-सहा तुकडे आळीपाळीने वाजवतात. त्याला राउंड रॉबिन म्हणतात. एक बोल ऐकवून ‘खरा की खोटा?’ विचारलं तर अशा सॉफ्टवेअरला हरवणं कठीणच. तो तुकडा खराच असतो!

अडचण दोन बोलांच्या मध्ये आहे. मिनिटाला १२० मात्रांची लय आणि मात्रेला चार बोल धरले तर सेकंदाला आठ बोल होतात, म्हणजे दोन बोलांत १२५ मिलिसेकंद. मोकळ्या बोलाची आस त्याहून जास्त वेळ टिकते. पुढचा हात पडतो तो स्तब्ध पुडीवर नाही, आधीच थरथरणाऱ्या पुडीवर. ज्यांचं गणित पक्कं आहे ते म्हणतील की पडदा रेषीय असेल तर दोन आवाजांची नुसती बेरीज पुरते, त्यात काय अडलं? हात पुडीला टेकतो त्या काही मिलिसेकंदांत ती बेरीज मोडते. त्या वेळी हात आधीची काही कंपनं दाबतो, काही राहू देतो, आणि स्वतःही पुडीकडून मागे ढकलला जातो. रेकॉर्ड केलेल्या तुकड्याला आधी काय वाजलं हे माहीत नसतं. त्याला पूर्वस्थिती नाही. भौतिक मॉडेलला असते. मॉडेल बनवण्याच्या कष्टाचं खरं समर्थन माझ्या मते हे एवढंच आहे, आणि प्रस्तावांत नेमकं तेच लिहिलेलं नसतं. तिथे असतं ‘अधिक नैसर्गिक आवाज’.

भौतिक मॉडेलची चव घ्यायची असेल तर कार्प्लस आणि स्ट्राँग यांची १९८३ मधली युक्ती घरी करून बघा. २०० यादृच्छिक आकड्यांची रांग घ्यायची, ती फिरवत राहायची आणि प्रत्येक फेरीत शेजारच्या दोन आकड्यांची सरासरी भरायची. सेकंदाला ४४,१०० नमुने असतील तर साधारण २२० हर्ट्झची छेडलेली तार ऐकू येते. पायथॉनच्या दहा ओळी पुरतात. इतक्या कमी सामानात इतकं तारेसारखं काही निघतं याचं मला अजून नवल वाटतं.

या वाटेवरचं आपल्या वाद्यावरचं उत्तम काम मृदंगाचं नाही, तंबोऱ्याचं आहे. तंबोऱ्याची घोडी सपाट आणि किंचित गोलसर असते, तिच्यावर तारेखाली सूत सरकवून जवारी लावतात. तार घोडीला सतत घासत-आपटत राहते आणि त्यातून तो भरलेला झंकार येतो. २०१६ मध्ये बेलफास्टच्या क्वीन्स युनिव्हर्सिटीतल्या मार्टेन व्हान वॉल्स्टाइन आणि सहकाऱ्यांनी हे तत्क्षणी वाजू शकेल असं मॉडेल मांडलं. तार आणि घोडी, तार आणि सूत यांचा स्पर्श त्यांनी मुद्दाम सोपा करून घेतला, पण गणना कधीही भरकटणार नाही याची सिद्धता दिली. काय सोडलं आणि का सोडलं हे स्पष्ट सांगणारा लेख कसा असतो, त्यासाठीही तो वाचा. मात्र एक ध्यानात ठेवा. तंबोऱ्याचं वाद्य अवघड असलं तरी वादन एकसारखं आहे. चार तारा त्याच क्रमाने छेडायच्या, हात जवळपास बदलत नाही. म्हणून मॉडेलने वाद्य पकडलं की बरंचसं काम झालं. मृदंगात उलट आहे: निम्मं वाद्य वाजवणाऱ्याच्या पंजात असतं. तंबोऱ्याच्या यशावरून मृदंगाचा अंदाज बांधू नका.

आणि मशीन लर्निंग? २०२० मध्ये गूगलच्या संशोधकांनी डीडीएसपी ही पद्धत आणली आणि व्हायोलिनच्या अवघ्या १३ मिनिटांच्या रेकॉर्डिंगवरून पटण्यासारखं व्हायोलिन वाजवून दाखवलं. तिच्या मुळाशी एक गृहीतक आहे: एका वेळी एक सूर, त्याच्या पटीतले स्वर, वर थोडा गोंगाट. व्हायोलिनला, बासरीला ते शोभतं. मृदंगाच्या ‘धा’मध्ये उजव्या आणि डाव्या तोंडाचे दोन सूर एकदम असतात, आणि आघाताचा पहिला क्षण कुठल्याच सुराचा नसतो. पद्धत वाईट नाही, तिचं गृहीतक आपल्या वाद्याला लागू पडत नाही. ‘आम्ही डीडीएसपी मृदंगावर लावलं’ असा पेपर लिहायच्या आधी हे तपासायला एक संध्याकाळ पुरते.

आता सगळ्यात कच्चा दुवा, ऐकण्याची चाचणी. नेहमीचा प्रकार असा: वर्गातले वीस मित्र, मोबाइलचे इअरफोन, सुटे दहा आवाज, आणि ‘१ ते ५ पैकी किती खरा वाटला?’ सरासरी ४.२ आली की निष्कर्ष तयार. यातल्या बहुतेकांनी मृदंग कधी हाताच्या अंतरावर ऐकलेला नसतो. त्यांच्यासाठी ‘खरा’ म्हणजे आधी ऐकलेल्या रेकॉर्डिंगसारखा. म्हणजे आपण रेकॉर्डिंगचं अनुकरण मोजतो आणि नाव वाद्याचं देतो.

मृदंगवाल्याला आकडा विचारू नका, काम द्या. सलग वाजलेला ठेका ऐकवा आणि विचारा: पुडी चढी आहे की उतरलेली? कणीक ओली आहे की वाळत आली? वाजवणारा थकलाय का? खऱ्या रेकॉर्डिंगवर तो हे जितकं अचूक सांगतो तितकंच मॉडेलवर सांगू शकला, तर तुमच्या हातात दाखवण्यासारखं काहीतरी आहे. आणि सांगू शकला नाही तर नेमकं काय हरवलं तेही कळतं, जे ४.२ मधून कधीच कळणार नाही.

हा नुसता पद्धतीचा वाद नाही. रियाजाला अ‍ॅप घेऊन बसणारी मुलं आता आपल्या गावांतही आहेत. अ‍ॅपमधला मृदंग कधी उतरत नाही, त्याची कणीक वाळत नाही. शिकणाऱ्याच्या कानात तोच ‘बरोबर’ म्हणून बसला तर हातोडी कधी उचलायची हे त्याला कोण शिकवणार? शिवाय यंत्राच्या प्रशिक्षणाला लागणारी सामग्री ज्या परंपरांची गोळा होते त्यांचाच आवाज पुढे ‘मानक’ ठरतो. बार्सिलोनाच्या पॉम्पेउ फाब्रा विद्यापीठातल्या कॉम्पम्युझिक प्रकल्पाने पाश्चात्त्य संगीताबाहेरच्या पाच परंपरा घेतल्या, त्यांत हिंदुस्थानी आणि कर्नाटक दोन्ही होत्या, आणि फार मोलाचं काम झालं. पण दिंडीतला मृदंग त्या रकान्यांत बसत नाही: उभ्याने, चालत, उघड्यावर, डझनावारी टाळांच्या आवाजात वाजणारा.

तेव्हा ‘हुबेहूब’ खोडा आणि छोटा प्रश्न घ्या. एक सुचवतो. पालखी शेगावहून निघते तेव्हा विदर्भातलं ऊन असतं, पंढरपूरला पोचते तेव्हा आषाढ लागलेला असतो. कोरड्या हवेत कातडं ताणतं, दमट हवेत सैल पडतं. ताण १० टक्क्यांनी घटला तर सूर सुमारे ५ टक्क्यांनी, म्हणजे जवळजवळ अर्ध्या स्वराने उतरतो, हे सूत्रातूनच निघतं. पण दोन्ही तोंडं सारखी उतरतात का? डावीकडच्या कणकेचं पाणी त्यात काय करतं? शाईने जुळवून आणलेली १, २, ३, ४, ५ ची घडी ताण बदलल्यावर तशीच राहते की विस्कटते? एक मृदंग, एक बरा मायक्रोफोन, तापमान आणि आर्द्रता दाखवणारं स्वस्तातलं यंत्र, आणि मे ते जुलै दर दोन दिवसांनी त्याच हाताने वाजवलेले तेच पाच बोल. रोज आधी हातोडी न लावता एकदा वाजवून घ्या, मग सूर मिळवून पुन्हा. ही नोंदवही भरली की मॉडेलमध्ये काय घालायचं ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळेल.