एकवचन, द्विवचन, बहुवचन : वर्ध्याची नियतकालिके आणि संपादकमंडळाचा प्रश्न

१

वाङ्मयीन नियतकालिकांचा विचार आपल्याकडे बहुधा दोन अंगांनी होतो. एक म्हणजे त्यांतून प्रसिद्ध झालेल्या साहित्याच्या अंगाने, आणि दुसरा एखाद्या समर्थ संपादकाच्या व्यक्तिमत्त्वाच्या अंगाने. 'सत्यकथा' म्हटले की श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन, 'नवभारत' म्हटले की तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी आणि मे. पुं. रेगे, 'अस्मितादर्श' म्हटले की गंगाधर पानतावणे, ही समीकरणे आपल्या मनात पक्की बसलेली आहेत. ती चुकीची आहेत असे नाही. परंतु त्यांच्यामुळे एक गोष्ट समीक्षेच्या नजरेतून निसटते. ती म्हणजे संपादकमंडळ. अंकाच्या आतल्या पानावर लहान टाइपात छापलेली नावे, त्यांचा क्रम, प्रत्येक नावापुढील पद आणि अगदी तळाशी येणारा प्रकाशकाचा पत्ता हाही एक मजकूर असतो. साहित्याची निवड कोण करतो आणि कोणाच्या वतीने करतो, हे तोच मजकूर सांगतो. आपण तो वाचत नाही.

तो वाचण्यासाठी येथे वर्ध्याच्या महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालयाचे 'बहुवचन' हे त्रैमासिक निवडले आहे. हिंदी नियतकालिकाची चिकित्सा मराठी समीक्षेने का करावी, असा आक्षेप येऊ शकेल. त्याचे साधे उत्तर असे की, हे नियतकालिक मराठी मुलखातल्या एका विद्यापीठाचे आहे, आणि ज्या गावाच्या नावावर ते निघते त्या गावाला संपादनाची स्वतःची परंपरा आहे. त्या परंपरेशेजारी ठेवून पाहिले असता विद्यापीठीय संपादनाचे स्वरूप अधिक स्पष्ट होते, असे मला वाटते.

२

१९७५ च्या जानेवारीत नागपूर येथे पहिले विश्व हिंदी संमेलन भरले आणि वर्ध्यास आंतरराष्ट्रीय हिंदी विद्यापीठ व्हावे अशी कल्पना तेथे पुढे आली. प्रत्यक्षात संसदेच्या कायद्याने हे केंद्रीय विद्यापीठ १९९७ साली अस्तित्वात आले. पहिले कुलगुरू म्हणून कवी-समीक्षक अशोक वाजपेयी यांची नियुक्ती झाली. (हिंदीत ज्याला 'कुलपति' म्हणतात तो आपला कुलगुरू, आपल्या 'कुलपतीं'ना तेथे 'कुलाधिपति' म्हणतात. शेजारच्या दोन भाषांत एकच शब्द दोन अधिकारांचा वाचक ठरावा, ही गोष्ट प्रस्तुत विषयात अगदीच अप्रस्तुत नाही.) वाजपेयी यांना संस्थात्मक नियतकालिकाचा अनुभव होता. १९७४ पासून भोपाळहून निघालेले 'पूर्वग्रह' हे शासकीय आश्रयाने चाललेले, पण साहित्यिक प्रतिष्ठा लाभलेले समीक्षापत्र त्यांनीच घडविले होते. त्यांच्याच काळात विद्यापीठाने 'बहुवचन' हे सर्जनशील व वैचारिक साहित्याचे त्रैमासिक, 'पुस्तक-वार्ता' हे ग्रंथपरीक्षणाचे नियतकालिक आणि हिंदी साहित्य इंग्रजीतून जगापुढे मांडणारे 'हिंदी' हे पत्र अशी तिहेरी योजना आखली. 'बहुवचन'च्या उभारणीचे काम पीयूष दईया यांनी, तर इंग्रजी पत्राचे काम रुस्तम सिंह यांनी केले. पुढील काळात ए. अरविंदाक्षन, अशोक मिश्र ही नावे 'बहुवचन'शी, तर ममता कालिया यांचे नाव इंग्रजी पत्राशी संपादक म्हणून जोडले गेले.

ही नावे एकापुढे एक ठेवली की दोन गोष्टी ध्यानात येतात. पहिली गोष्ट गौरवाची आहे. विद्यापीठाने आपली पत्रे केवळ विभागप्रमुखांच्या हाती सोपविली नाहीत. कवी, कथाकार, अनुवादक अशा लिहित्या माणसांना संपादनासाठी बोलावले. मराठी विद्यापीठांनी हे धाडस किती वेळा केले, हा प्रश्न आपण स्वतःला विचारण्यासारखा आहे. अरविंदाक्षन हे केरळचे. त्यांच्याआधी कुलगुरुपदी आलेले जी. गोपीनाथनही केरळचेच. हिंदी ही केवळ हिंदी प्रदेशाची मालमत्ता नव्हे, ही विद्यापीठाच्या स्थापनेमागील भूमिका ह्या नियुक्त्यांतून काही अंशी तरी साकार झाली.

दुसरी गोष्ट मात्र अडचणीची आहे. संपादकाची नेमणूक विद्यापीठ करते, खर्च विद्यापीठ करते आणि विद्यापीठाचा प्रमुख ठरावीक मुदतीने बदलतो. त्यामुळे नियतकालिकाचे आयुष्य साहित्याच्या कालगणनेने न चालता प्रशासनाच्या कालगणनेने चालू लागते. एखादा वाङ्मयीन आग्रह रुजायला दहा वर्षे लागत असतील, तर त्याला पाचच वर्षांची मुदत मिळते. शिवाय सुरुवातीच्या काळात विद्यापीठाचे बरेचसे कामकाज दिल्लीहून चाले. म्हणजे पत्त्यात वर्धा होते, पण वाङ्मयीन निर्णय ज्या संभाषणांतून घडतात ती संभाषणे दुसऱ्या गावी होत. गांधींच्या नावाचे विद्यापीठ वर्ध्यास असावे ह्यामागे राजधानीपासून दूर, खेड्याच्या सान्निध्यात ज्ञानव्यवहार उभा करण्याची कल्पना होती. तिला संपादनव्यवहारात जागा मिळण्यास विलंब लागला, असे म्हणणे अन्यायाचे होणार नाही.

३

वर्ध्याला संपादनाचे इतर नमुने ठाऊक होते. १९२१ साली विनोबा वर्ध्यास आले आणि १९२३ साली त्यांनी 'महाराष्ट्र धर्म' हे मराठी मासिक सुरू केले. पुढे ते साप्ताहिक झाले. उपनिषदांवरील त्यांचे निबंध ह्याच पत्रातून आले आणि 'मधुकर' हा संग्रह त्यातीलच लेखांमधून सिद्ध झाला. ह्या पत्राचे संपादन हे शुद्ध एकवचन होते. लिहिणारा, निवडणारा आणि जबाबदारी घेणारा माणूस एकच. अशा पत्राची मर्यादा उघड आहे. संपादकाची दृष्टी जेथवर पोचेल तेथवरच पत्र पोचते. पण त्याचे बळही तितकेच उघड आहे. छापलेल्या प्रत्येक वाक्याला विचारणा करण्याजोगा एक माणूस तेथे उभा होता.

१९३८ साली वर्ध्याहून गांधी सेवा संघाचे 'सर्वोदय' हे हिंदी मासिक निघाले. त्याचे संपादक दोघे होते, काका कालेलकर आणि दादा धर्माधिकारी. दोघेही मराठी. त्यांपैकी कालेलकर गुजराती गद्याचे मान्यवर शिल्पकार. मराठीत द्विवचन उरलेले नाही; संस्कृतात आहे आणि त्याची रूपे एकवचन व बहुवचन ह्या दोहोंहून निराळी चालतात. दोन संपादकांचे पत्रही तसेच निराळे असते. तेथे एकाच्या मताला दुसऱ्याचे मत सतत शेजारी असते, बहुमताचा आधार मात्र कोणालाच नसतो. एकमेकांना पटवून देणे एवढाच मार्ग राहतो. 'सर्वोदय' हे एका संस्थेचे मुखपत्र होते हे खरे; परंतु त्याच्या संपादकांची भाषिक घडण संस्थेच्या भाषेबाहेरची होती, ही बाब महत्त्वाची आहे. जी भाषा आपल्याला प्रयत्नाने आत्मसात करावी लागली तिच्यात संपादन करणारा माणूस शब्दाकडे सहजतेने पाहूच शकत नाही.

हा प्रकार वर्ध्यापुरता नाही. नागपूरहून १९०७ साली 'हिंदी केसरी' काढणारे माधवराव सप्रे, काशीच्या 'आज'चे बाबूराव विष्णू पराडकर, नागपूरच्या 'नया खून' साप्ताहिकात काम केलेले गजानन माधव मुक्तिबोध हे सारे मराठीभाषक. मुक्तिबोधांचे बंधू शरच्चंद्र ह्यांनी मराठीत कविता लिहिली आणि गजाननरावांनी हिंदीत. एका घरात दोन वाङ्मये नांदली. हिंदी संपादनाच्या घडणीत मराठी माणसाचा वाटा पाहुण्याचा नव्हता.

तिसरा नमुना पवनारचा. १९५९ साली विनोबांनी तेथे ब्रह्मविद्या मंदिराची स्थापना केली. सामूहिक साधना आणि सर्वानुमतीने निर्णय ही त्या आश्रमाची रीत. तेथील भगिनींनी चालविलेले 'मैत्री' हे हिंदी मासिक वाङ्मयीन नव्हे, हे मान्य. तरीही संपादनाच्या दृष्टीने ते विचारात घ्यावे लागते. जेथे समूहातील एकीचा नकार हा बाजूला सारण्याचा अडथळा न मानता थांबून विचार करण्याचे निमित्त मानले जाते, तेथे अनेकांचे संपादन ही नुसती नावांची यादी राहत नाही.

४

ह्या पार्श्वभूमीवर 'बहुवचन' ह्या नावाकडे पुन्हा पाहावेसे वाटते. नाव अतिशय सूचक आहे. अनेक आवाज, अनेक मते, अनेक भाषा असा त्याचा संकल्प आहे, आणि पानांवरील लेखकांच्या वैविध्यापुरता तो पुष्कळदा पाळलाही जातो. परंतु अनेकत्व पानांवर असणे आणि ते संपादनाच्या टेबलाशी असणे ह्या भिन्न गोष्टी आहेत. पानांवरील अनेकत्व कोणीतरी एकाने दिलेले असू शकते. दिलेले असते म्हणूनच ते काढूनही घेता येते.

कसोटीचा क्षण नकाराचा असतो. २०१० साली तत्कालीन कुलगुरू, कादंबरीकार विभूति नारायण राय ह्यांच्या एका मुलाखतीतील स्त्री-लेखकांविषयीच्या विधानांनी हिंदी साहित्यविश्वात मोठा क्षोभ उसळला. ही मुलाखत 'नया ज्ञानोदय' ह्या भारतीय ज्ञानपीठाच्या मासिकात आली होती. विद्यापीठाच्या पत्रात नव्हे. राय ह्यांनी नंतर माफी मागितली. त्या वादाचा गुणदोष येथे पुन्हा उगाळण्याचे कारण नाही. त्यातून उपस्थित होणारा रचनेचा प्रश्न मात्र टाळता येत नाही. संस्थेचा प्रमुख स्वतः लेखक असेल आणि त्याच्या एखाद्या विधानाची चिकित्सा करणे वाङ्मयीन कर्तव्य ठरेल, तेव्हा त्याच संस्थेचे नियतकालिक ती चिकित्सा करू शकेल काय? व्यक्तीच्या धैर्यावर हा प्रश्न सोडून देणे बरोबर नाही. संपादक निर्भय असावा ही अपेक्षा ठीक; पण निर्भय असण्यासाठी ज्याला नोकरी पणाला लावावी लागते, त्याच्या पाठीशी मंडळ उभे नसेल तर ते मंडळ कशासाठी आहे?

मराठी वाचकाने हे हिंदीचे दुखणे म्हणून वाचू नये. आपल्या साहित्यसंस्थांच्या मुखपत्रांची संपादनाची सूत्रे कार्यकारिणीच्या निवडणुकीबरोबर हलतात, हा आपलाही अनुभव आहे. विद्यापीठांत तर परिस्थिती अधिक विचित्र झाली. २०१० च्या नियमावलीने अध्यापकांच्या बढतीची सांगड प्रकाशनांच्या गुणांकनाशी घातली. पुढे २०१८ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने मान्य नियतकालिकांच्या यादीची 'केअर' व्यवस्था आणली आणि २०२५ मध्ये ती मोडीतही काढली. ह्या काळात संपादकमंडळे कमालीची फुगली. सल्लागार, मार्गदर्शक, तज्ज्ञ परीक्षक अशी वीस-वीस नावे आतल्या पानावर आली, आणि अंकातील एखाद्या लेखाविषयी प्रश्न विचारावा तर उत्तर देणारे कोणी सापडेना. 'महाराष्ट्र धर्म'च्या एकवचनात जी जबाबदारी होती, ती ह्या बहुवचनात विरघळून गेली. व्याकरणात आदरार्थीही बहुवचन वापरतात. तेथे रूप अनेकाचे असते, व्यक्ती एकच. आपली बहुतेक संपादकमंडळे ह्या आदरार्थी प्रकारात मोडतात.

५

मग विद्यापीठाच्या नियतकालिकाकडून अपेक्षा काय ठेवावी? ते लघुनियतकालिकाइतके बंडखोर होणार नाही आणि त्याने तसे व्हावे असा हट्टही योग्य नाही. सार्वजनिक पैसा, ग्रंथालय, टिकाऊपणा आणि दूरच्या वाचकापर्यंत पोचण्याची सोय ही त्याची बलस्थाने आहेत. ह्या बलस्थानांना शोभेल अशी रचना मात्र त्याला हवी. संपादकाची मुदत कुलगुरूच्या मुदतीपासून वेगळी असावी. निवडीचा अंतिम अधिकार संपादकांकडे असून तो लेखी असावा. मंडळात नावे थोडी असावीत, आणि प्रत्येक नावामागे वाचलेली हस्तलिखिते असावीत.

वर्ध्याच्या बाबतीत आणखी एक अपेक्षा ठेवावीशी वाटते. मराठी साहित्याचे अनुवाद हिंदीत नेहमीच होत आले आहेत. वर्ध्यातच राष्ट्रभाषा प्रचार समितीच्या 'राष्ट्रभारती'ने भारतीय भाषांतील साहित्य हिंदी वाचकापुढे ठेवण्याचे काम केले होते. तेव्हा प्रश्न अनुवादांच्या संख्येचा नाही. कोणते मराठी साहित्य हिंदीत जावे हे ठरविताना त्या टेबलाशी मराठीत वाढलेले, विदर्भाच्या बोलीत व शेतीच्या कोंडीत जगलेले कोणी बसलेले असते काय, हा खरा प्रश्न आहे. तसे कोणी नसेल तर अनुवादासाठी तेच साहित्य निवडले जाईल ज्याची कीर्ती आधीच दिल्लीपर्यंत पोचलेली आहे. वर्ध्यात राहण्याचा लाभ मग नियतकालिकाला काहीच होणार नाही.

कालेलकर आणि धर्माधिकारी ह्यांच्या वेळी ही अडचण नव्हती, कारण शेजारची भाषा संपादकांच्या अंगातच होती. आज ती बाहेरून आणून बसवावी लागेल. हे आग्रहाने मागण्याची जबाबदारी केवळ त्या विद्यापीठाची नाही. वर्ध्याहून निघणारे हिंदी त्रैमासिक आपल्याही वाङ्मयव्यवहाराचा भाग आहे असे मराठी लेखक-समीक्षकांनी मानले, त्याचे अंक वाचले, त्यांवर लिहिले आणि त्याच्याशी भांडणही केले, तरच त्या मागणीला काही वजन येईल. गेल्या पाव शतकात हे आपण फारसे केलेले नाही.