मालकंस आणि रात्रीची लाईन

ऑक्टोबर आला की इलेक्ट्रॉनिक डान्स म्युझिकमध्ये 'ऑटम' नावाचे ट्रॅक येऊ लागतात. चित्रात मेपलची तांबडी पानं, आत मऊ सिंथ, थोडी उदासी. पुण्यात कोड लिहिताना मीही ते ऐकतो. पण नरडाण्याला घरी आलो की ते लागू पडत नाहीत. 'ऑटम'ला मराठीत कुणी शरद म्हणतं, कुणी पानगळ. आमच्याकडे पानं गळतात शिशिरात. आश्विनात दिवसा होरपळ, शेतात कापसाची वेचणी आणि मध्यरात्रीनंतर चादर ओढावी असा गारवा. या ऋतूचं नाचतं संगीत शोधताना मी यंदा एका जुन्या तबकडीकडे वळलो : चरणजित सिंग यांची 'सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट', 1982.

सिंग हे मुंबईतल्या हिंदी चित्रपटसंगीतातले वादक. त्यांनी रोलँडची तीन यंत्रं एकत्र आणली : सुरावटीला ज्युपिटर-8, तालाला टीआर-808 आणि बासला टीबी-303. त्या वेळी तबकडी फारशी खपली नाही. पुढे 1987 मध्ये शिकागोच्या 'फ्युचर' या गटाचा 'अ‍ॅसिड ट्रॅक्स' आला, त्याच 303 वर बेतलेला, आणि त्यातून अ‍ॅसिड हाउस हा प्रकार रुजला. 2010 मध्ये सिंग यांची तबकडी पुन्हा निघाली, तेव्हा सगळी चर्चा 'हे आधी कुणी केलं' यावरच झाली. त्या कौतुकात राग ऐकायचा राहून गेला, असं मला वाटतं.

दहा रागांत मेघ मल्हार आहे. पण फुटलेल्या बोंडांवर परतीचा पाऊस पडेल या धास्तीत असलेल्या घरात आश्विनात तो लावायचं धाडस होत नाही. मी मालकंस लावला. रिषभ-पंचम वर्ज्य, गंधार-धैवत-निषाद कोमल, वेळ रात्रीचा तिसरा प्रहर. मालकंस गाणारा मध्यमावर येऊन थांबतो आणि त्या थांबण्यातच राग उभा राहतो. 303 ला थांबणं माहीत नाही. त्याचा पॅटर्न सोळा घरांचा. प्रत्येक घरात सूर आहे किंवा नाही, 'स्लाइड' चालू किंवा बंद. म्हणजे मींड हा तिथे फक्त एक बिट. पहिल्या ऐकण्यात माझी तक्रार हीच होती : राग घाईत उरकलाय.

त्या आठवड्यात शेतीची लाईन रात्रीची होती. हरभऱ्याला पाणी द्यायचं म्हणून आप्पांबरोबर विहिरीवर गेलो. बारा वाजून गेले तरी लाईन नव्हती. मोबाईलवर मालकंस लावून बसलो. आप्पांनी थोडा वेळ ऐकलं.

"हाई काय वाजी ऱ्हायनं रे?"

"मालकंस, आप्पा. मशीनवरला."

"मोटरसारखं वाजी ऱ्हायनं."

मी हसलो, पण ते बरोबर होतं. मोटर चालू झाली की तिचा आवाज बदलत नाही, म्हणून तो हळूहळू ऐकू येईनासा होतो आणि दूरच्या सरीत पाणी पोचल्याचा बारीक आवाज कानाला कळतो. सिंग यांचा बास तीच आकृती घोटत राहतो. पाच-सात आवर्तनांनंतर मी तो ऐकणं सोडून दिलं, आणि वरची सुरावट मध्यमावर कधी येते याची वाट बघू लागलो. यंत्र थांबत नाही, थांबायची जबाबदारी ऐकणाऱ्यावर येते. 'ऑटम' ट्रॅक आधीच उदास होऊन येतात, आपल्यासाठी काही ठेवत नाहीत.

उणीव आहेच. जलद ताना सुरू झाल्या की ज्युपिटरचा मालकंस रियाजासारखा वाटतो, बोटं रागाच्या पुढे धावतात. तरीही जाग्या राहिलेल्या माणसाला सोबत करेल असा शरद मला नाचाच्या ठेक्यात पहिल्यांदा इथे सापडला.

दोन वाजता लाईन आली. "उनी रे!" म्हणत आप्पा उठले. मी मोबाईल बंद केला आणि बॅटरी घेऊन त्यांच्यामागे निघालो.