उच्च रक्तदाब आणि भुलीच्या प्रारंभीच्या औषधाची निवड : एक चिकित्सा

प्रस्तावना

उच्च रक्तदाबाच्या रुग्णास संपूर्ण भूल देताना प्रारंभीचे औषध कोणते असावे, हा भूलशास्त्रातील जुना प्रश्न आहे. या विषयावरील अनेक तुलनात्मक निबंध ‘सर्वोत्तम औषध कोणते?’ अशी मांडणी करतात. प्रस्तुत लेखात या मांडणीचीच चिकित्सा करावयाची आहे. प्रश्नच सदोष असेल तर अचूक मोजमापातूनही चुकीचे उत्तर हाती येते आणि त्याची किंमत रुग्णाच्या मेंदूला, हृदयाला व मूत्रपिंडाला मोजावी लागते.

दुहेरी धोका

सेड्रिक प्रिस-रॉबर्ट्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1971 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांतून या धोक्याचे स्वरूप स्पष्ट झाले. उपचार न घेतलेल्या रुग्णांत भूल लागताच रक्तदाब मोठ्या प्रमाणात घसरतो आणि श्वासनलिकेत नळी घालताना तो एकाएकी उसळतो. शिवाय दीर्घकालीन उच्च रक्तदाबात मेंदूचा रक्तपुरवठा स्थिर राखणारी मर्यादा वरच्या दाबाकडे सरकलेली असते. इतरांना पुरेसा असलेला दाब या रुग्णास अपुरा पडू शकतो.

औषधांचा विचार

प्रोपोफोल रक्तवाहिन्या शिथिल करते, म्हणून रक्तदाब उतरतो. मात्र नळी घालतानाची उसळी ते बऱ्याच अंशी दडपते. इटोमिडेटने दाब प्रारंभी स्थिर राहतो, म्हणून तुलनेत ते सहसा अव्वल ठरते. परंतु ही उसळी ते स्वतः रोखत नाही. 1983 साली लेडिंगहॅम व वॅट यांनी ‘लॅन्सेट’मधील पत्रातून अतिदक्षता विभागातील रुग्णांना इटोमिडेट सतत दिल्याने मृत्यूंचे प्रमाण वाढल्याकडे लक्ष वेधले. हे औषध कॉर्टिसोलची निर्मिती रोखते. एका मात्रेचा परिणामही काही तास टिकतो. दहा मिनिटांच्या निरीक्षणाच्या कोष्टकात हे दिसणे शक्यच नाही. केटामीन रक्तदाब व नाडी दोन्ही वाढवते, त्यामुळे या रुग्णांत ते एकटे देणे सामान्यतः टाळले जाते.

पद्धतीतील उणिवा

पहिली उणीव सरासरीची. निम्म्या रुग्णांचा दाब 30 अंकांनी घसरला आणि निम्म्यांचा तितकाच वाढला, तर सरासरी बदल शून्य येतो आणि औषध ‘स्थिर’ ठरते. प्रत्यक्षात एकही रुग्ण सुरक्षित नसतो. दुसरी उणीव ठरावीक मात्रेची. सत्तरीच्या रुग्णास प्रतिकिलो 2 मिलिग्रॅम प्रोपोफोल झपाट्याने देणे आणि 1 ते 1.5 मिलिग्रॅम सावकाश देणे, या दोन भिन्न कृती होत. मात्रेचा व वेगाचा दोष औषधाच्या माथी मारणे न्याय्य नाही. तसेच आधी दिलेले फेंटानिल वा एस्मोलॉल, सकाळी घेतलेली रक्तदाबाची गोळी, यांचा हिशेब मांडल्याविना केलेली तुलना अपुरीच राहते.

समारोप

याचा अर्थ तुलना निरर्थक आहे असा नव्हे. हृदयाची क्षमता खालावलेली असल्यास इटोमिडेटची स्थिरता खरोखरच मोलाची ठरते. तथापि निवड औषधाच्या नावाची नसून मात्रा, वेग, जोड-औषधे आणि रुग्णाचा स्वतःचा नेहमीचा दाब या सर्वांची आहे. म्हणून यापुढील संशोधनात प्रत्येक रुग्णाची घसरण व उसळी स्वतंत्रपणे नोंदवावी आणि निरीक्षण शस्त्रक्रियेनंतरही चालू ठेवावे. भूलतज्ज्ञाला कोष्टकातील सरासरीला नव्हे, तर समोरच्या एका रुग्णाला भूल द्यावयाची असते.